डिसेंबरातला राब

कादिर मुकादमाला वाळवंटात आणून टाकलं तरी त्याच्यातला कोकण्या काही मेला नव्हता. अल खर्जच्या बाहेरच्या त्या मळ्यावर त्याला अकरा वर्षं झाली होती. तिथं भात नाही, नाचणी नाही, पाऊस म्हणजे वर्षातून दोन-तीनदा धुळीवर पडलेले चार थेंब. मळ्यात सगळी बरसीम, तिकडं आपल्या लसूणघासाला बरसीमच म्हणतात, आणि कडेला खजुराची चाळीसेक झाडं. पण डिसेंबर उजाडला की कादिरचे हात शिवशिवायला लागत, आणि तो रिकाम्या वाफ्यांवर राब भाजायला काढी. खाली शेळ्यांच्या लेंड्या, त्यावर वाळकं गवत, त्यावर झाऊच्या झाडांखाली वर्षभर साचलेला पाचोळा, वरून मातीचा पातळ थर, आणि वाऱ्याच्या उलट बाजूनं काडी. राबानं तणाचं बी जळतं, किडीची अंडी मरतात आणि राखेवर पेरलेलं तरारून येतं, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. दाभोळच्या खाडीकाठी त्याचा बाप भाजायचा, आजा भाजायचा, म्हणून हा भाजायचा.

"सगळो देश पेट्रोलवर चलता, आणि हो मेलो लेंड्यांवर," गुणाजी म्हणाला. गुणाजी मेस्त्री कणकवलीकडचा. विहिरीवरचा पंप, ट्रॅक्टर, गवत कापायचं यंत्र, जे जे म्हणून खरखरतं ते त्याच्या ताब्यात. मळ्यावर कामाला कायमची माणसं अशी तीनच, कादिर, गुणाजी आणि कादिरची बायको नूरुन्निसा.

"तू हस. उगवला काय मग बघ," कादिर म्हणाला आणि दाताळ्यानं पाचोळा ओढत राहिला.

झाऊची ती रांग मळ्याच्या पश्चिमेला वारा अडवायला लावलेली होती. तिच्या बुडाशी पाचोळ्याची वीतभर गादी. यंदा ती ओढताना कादिरला घाम फुटत होता, आणि हे काही डिसेंबराचं लक्षण नव्हतं. एरवी या दिवसांत सकाळी पाटाच्या पाण्यात पाय घालवत नसे. यंदा नोव्हेंबरभर पंखा चालला होता आणि लोकरीची कांबळी अजून ट्रंकेतच होती. पाचोळ्यातून चार-दोन लाल किडे त्याच्या बाहीवर चढले. त्यानं ते झटकले आणि पाचोळा वाफ्यावर पसरला.

नूरुन्निसा चहा घेऊन आली तेव्हा राब धुमसायला लागला होता. आतून बारीक तडतड ऐकू येत होती.

"चाय निवते. जरा बसताव काय?"

"आग सोडून कसा बसू गो? ठेव तितंच."

तिनं किटली बांधावर ठेवली आणि तीही राबाकडं बघत उभी राहिली. धुराचा वास थेट गावचा होता. दोघांनाही तो आवडत होता.

या दोघांचं लग्न होऊन चौदा वर्षं झाली होती. त्यातली बारा वर्षं, आधी दुसऱ्या मळ्यांवरून आणि मग इथून, कादिर दोन वर्षांनी एकदा, दोन महिन्यांच्या सुट्टीवर घरी जात होता. मूल झालं नाही. पाहुण्यासारखा येणाऱ्या नवऱ्याकडून संसार तो किती व्हायचा? मग दोन वर्षांमागं कफिलाच्या, म्हणजे मळ्याच्या मालकाच्या, म्हाताऱ्या आईनं रियाधच्या बंगल्यात राहायचं नाकारलं आणि ती आपल्या शेळ्यांसकट मळ्यावरच्या जुन्या घरात येऊन राहिली. तिला उठवा-बसवायला बाई हवी झाली. कादिरनं पहिल्यांदाच तोंड उघडून कफिलापाशी काही मागितलं, आणि नूरुन्निसाचा व्हिसा आला. पंपाशेजारच्या खोलीत दोघांनी विटांची चूल मांडली. चौदा वर्षांत संसार म्हणावा असा हा दोन वर्षांचाच, आणि दोघंही तो हातात अंडं धरावं तसा धरून होती.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कादिर बरसीम कापायला बसला आणि विळा हाताला चिकटला.

त्यानं मूठ उघडून पाहिली. तळवा गुळाचा पाक लागल्यासारखा चिकट. काडी उलटी केली तर पानांच्या पाठीवर, शेंड्यावर, देठाच्या बेचक्यात पिवळसर मावा खच्चून बसलेला. मावा त्याला नवा नव्हता. दरवर्षी मार्चात यायचा, दहा-पंधरा दिवस दिसायचा आणि आपोआप कमी व्हायचा. कोण कमी करतं, याचा विचार कादिरनं कधी केला नव्हता. आपोआप होणाऱ्या गोष्टीचा विचार कोण करतो?

"आत्ता? जानेवारीत?" तो स्वतःशीच म्हणाला.

आठ दिवसांत अर्धा मळा पिवळा पडला. पानं वाटीसारखी वळली, शेंडे आखडले, आणि माव्याच्या चिकटावर काळी बुरशी चढली. कादिर गुडघ्यांवर बसून कापायचा, तेव्हा त्याच्या लुंगीचा पुढचा भाग त्या चिकटानं आणि धुळीनं पुठ्ठ्यासारखा कडक व्हायचा. पेंढ्या एकमेकींना चिकटत. मेंढ्यांसाठी चारा न्यायला येणारे बद्दू, वाळवंटातले मेंढपाळ, गाडीतून उतरायचे, एक पेंढी सोडून पाहायचे, वास घ्यायचे आणि पुन्हा गाडीत बसायचे. त्यातल्या एकानं पेंढी परत रचून ठेवायचेही कष्ट घेतले नाहीत. ती रस्त्यातच पडली, आणि कादिरनं ती उचलली.

कफील अबू मिशाल शुक्रवारी आईला भेटायला यायचा. माणूस वाईट नव्हता. आवाज चढवत नसे, पगार अडवत नसे, आणि कामगारांशी ते तोडकंमोडकं अरबी बोले जे त्यांना समजेल. त्या शुक्रवारी तो वाफ्यात उतरला, एक काडी तोडली, बोटं एकमेकांवर घासून पाहिली. मग इकडंतिकडं बघत त्यानं ती बोटं शेजारी उभ्या असलेल्या कादिरच्या बाहीला पुसली. त्यात राग नव्हता, अपमान करायचा हेतूही नव्हता. हात पुसायला काहीतरी हवं होतं आणि कादिर जवळ होता, एवढंच. पण कादिरच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"विहिरीचं पाणी दरवर्षी खाली चाललंय," अबू मिशाल म्हणाला. "डिझेल जळतं. आणि हे असलं गवत. माझा भाऊ म्हणतो, मळा काढून टाक. मी म्हणतो, आईचा जीव आहे इथं. पण किती दिवस? मार्चअखेरची कापणी बघतो. ती आली तर ठीक. नाही आली तर खलास. आई रियाधला येईल, नूरुन्निसा तिच्याबरोबर येईल. तू तबूकला जा. भावाचं बांधकाम चाललंय तिथं, कॅम्पमध्ये जागा आहे. गुणाजी यंत्रं राखायला इथंच राहील. कुणाचीच नोकरी जाणार नाही."

त्याला वाटलं आपण फार चांगली बातमी दिली. कादिर मान हलवत राहिला.

खोलीत येऊन त्यानं नूरुन्निसाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात ताटातच थांबला.

"तबूक म्हंजे किती लांब?"

"रियाधपासून बसनं एक रात आणि अर्धा दीस."

"आणि भेटायचा कवा?"

"कफिलाच्या घरात बायकांच्या बाजूला मना कोण सोडणार गो? मोठ्या सुट्टीत, गावी."

"म्हंजे पयल्यासारका," ती म्हणाली, आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. खडे फेकताना ती हात जोरात झटकत होती.

दुसऱ्या दिवसापासून कादिर आणि गुणाजी फवारायला लागले. खर्जच्या दुकानातून औषध आणलं, फवारणीचे पंप पाठीवर बांधले, तोंडाला ओले रुमाल. चार दिवस सकाळ-संध्याकाळ फवारलं. औषधाचा वास घामात मुरला, भाकरीला त्याचीच चव यायला लागली. कादिरचे डोळे लाल होऊन गळायला लागले. मावा मेला. पानांवरून टरफलांसारखा गळून पडला. गुणाजीनं बांधावर पंप उतरवून पाठ सरळ केली आणि म्हणाला, "झाला. गेलो मेलो."

बारा दिवसांनी तो पहिल्यापेक्षा दुप्पट होऊन परत आला. आणि मधल्या काळात म्हातारीची एक शेळी फवारलेल्या वाफ्यात घुसली, ती फेस गाळून मेली. म्हातारी स्वतः काठी टेकत पंपापर्यंत आली. औषधाच्या डब्याला काठीनं ढोसून ती एवढंच म्हणाली, की माझ्या जमिनीवर हे पुन्हा ओतलं तर मी मुलाला सांगून तुम्हाला घालवीन. मग नूरुन्निसाच्या खांद्यावर हात ठेवून परत गेली.

आता काय करायचं? कादिर औषधाच्या दुकानात गेला. तिथं कुमार नावाचा एक तमिळ माणूस बसे. शेतीची पदवी घेतलेला, आणि गिऱ्हाईक नसलं की दुकान सोडून रानात किडे बघत हिंडणारा. तो स्वतःच्या गाडीनं मळ्यावर आला. पानं उलटीपालटी केली, गुडघे टेकून मुळापाशी बघितलं, वाफ्यामागून वाफा चालत गेला. त्याचा चेहरा उतरत गेला.

"मुकादमभाई, ये मावा, माहू, तो ठीक है. लेकिन आपका लेडीबर्ड किधर है?"

"क्या लेडीबर्ड?"

कुमारनं खिशातून एक छोटी बाटली काढली. आत लाल, काळ्या ठिपक्यांचा किडा होता. मराठी पुस्तकांत त्याला ढालकिडा म्हणतात. कादिरनं तो हजारदा पाहिला होता आणि त्याला नुसता लाल किडा म्हणत आला होता.

"ये माहू खाता है. एक कीड़ा, एक दिन में पचास-साठ. इसका बच्चा तो उससे भी ज़्यादा. हर साल आपका माहू यही खाता था. इस साल एक भी नहीं दिख रहा. दवाई से कुछ मरे होंगे, लेकिन इतना साफ? ये गर्मी में सो जाता है, झाड़ के नीचे, कचरे में, हज़ारों एक साथ. ठंड पड़ी तो उठके खेत में आता है. हर साल नवंबर में उठ जाता था. इस साल नवंबर में ठंड किधर पड़ी? मैंने दूसरे फार्म पे देखा, दिसंबर में भी सब सोया हुआ था. और माहू को क्या, उसको ठंड नहीं मिली तो बच्चे पे बच्चा. मालिक से पहले चोर जाग गया." मग त्यानं झाऊच्या रांगेकडं बोट दाखवलं. "आपके यहाँ तो वो जगह सबसे अच्छी है. उधर देखते हैं."

रांगेखालची जमीन झाडून काढलेल्या अंगणासारखी स्वच्छ होती.

"कचरा किधर गया?" कुमारनं विचारलं.

 कादिरच्या डोळ्यांपुढं आपली बाही आली आणि तिच्यावर चढलेले चार-दोन किडे. अकरा वर्षं त्यानं तोच पाचोळा, त्याच महिन्यात भाजला होता आणि काही बिघडलं नव्हतं, कारण तोवर किडे उठून रानात गेलेले असायचे. यंदाही त्यानं तेच केलं. त्याची तारीख चुकली नव्हती, थंडीची चुकली होती. आणि ते हजारोंनी झोपलेले, त्यांना त्यानं आपल्या हातानं ओढून वाफ्यावर पसरलं होतं, वरून माती घातली होती.

"सफाई कर दिया," तो शेवटी म्हणाला. कुमारनं त्याच्याकडं क्षणभर पाहिलं आणि बाटली खिशात ठेवली.

कुमार गेल्यावर कादिर बांधावर बसला. त्याला मनस्वी लाज वाटली. आळसानं, दारूनं, चोरीनं माणसाचं नुकसान होतं हे त्याला ठाऊक होतं. नेमानं केलेल्या कष्टानं व्हावं, हे त्याच्या हिशेबात बसत नव्हतं. त्यानं नूरुन्निसाला सांगितलं. 

"तुमाला काय म्हाईत व्हता?"

"बापाला तरी काय म्हाईत व्हता."

"मग त्या किड्यांचा दुकान नाय काय कुटं?" तिनं विचारलं. ती थट्टा करत नव्हती.

दुकान नव्हतं, पण कुमारनं एक जागा सांगितली होती. तीन मैलांवर मोठ्या डेअरीच्या सांडपाण्याचा नाला होता. त्याच्या काठी वेत आणि रानगवत माजलेलं. पाण्यामुळं तिथं गारवा राहायचा, आणि किडे उठून गवतावर आलेले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे फजरची नमाज झाल्याबरोबर तिघं पिकअपमधून तिथं गेली. उजाडताना किडा गारठलेला असतो, उडत नाही, तेवढ्या तासाभरातच वेचायचा. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्या, आत चुरगळलेला कागद, तोंडाला मलमलचा तुकडा. नाल्याची घाण पोटऱ्यांपर्यंत यायची. डासांनी हाताला फोड उठले. वेताच्या पात्यांनी कादिरच्या बोटांना चिरे पडले, आणि त्यात किड्यांनी सोडलेला पिवळा रस चुरचुरायचा. म्हातारी उठायच्या आत नूरुन्निसानं परत पोचायला हवं, म्हणून ती सतत उजेडाकडं बघत वेचायची. तिची बोटं तांदूळ निवडून तयार झालेली होती. कादिरची एक बाटली भरेतो तिच्या दोन.

"माझ्या आवशीन सांगल्यान, परदेशात जा, सोना वेचशीत," गुणाजी चिखलातून पाय उपसत म्हणाला. "हयसर किडे वेचतंय."

नूरुन्निसा हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसली. कादिरनं तिला असं हसताना कधी पाहिलं होतं ते त्याला आठवेना.

सोळा सकाळी त्यांनी हे केलं. दिवसभर बाटल्या ओल्या पोत्याखाली सावलीत ठेवायच्या आणि ऊन कलल्यावर, वाफे भिजवून, ओलाव्यावर किडे सोडायचे. सगळ्या मळ्याला पुरतील एवढे ते नव्हतेच. म्हणून विहिरीकडच्या सहा वाफ्यांत सोडले. आणि फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी नूरुन्निसानं एका पानावर काळी, काटेरी, नारिंगी ठिपक्यांची अळी पाहून चप्पल काढली.

"थांब, थांब," कादिर धावत आला. "तेच त्यांचे पोर हायत."

दोघंही उकिडवी बसली. अळी माव्याच्या घोळक्यात शिरली, एकाला धरलं, चोखून टाकलं, दुसऱ्याला धरलं. पलीकडच्या पानावर आणखी एक होती, त्याच्या पलीकडं आणखी दोन. दोघं कितीतरी वेळ बघत राहिली. एवढं कुरूप पोर, पण नूरुन्निसाच्या चेहऱ्यावर जी माया उतरली होती ती पाहून कादिरनं नजर दुसरीकडं वळवली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्या सहा वाफ्यांना नवी पालवी आली, स्वच्छ, सरळ. चिकट नाही, काळं नाही. किडे शेजारच्या वाफ्यांत सरकायला लागले होते. अबू मिशालनं बूट काढून त्या वाफ्यांत एक फेरी मारली आणि म्हणाला, "तय्यिब, छान. अशी सगळी झाली तर बघू." कादिरनं त्या दिवशी गुणाजीला जेवायला बोलावलं. नूरुन्निसानं सुरमईचं कालवण केलं. जेवताना तिघांनी हिशेब मांडला, की किडा याच वेगानं पसरला तर महिनाअखेरीला पाऊण मळा तरी हाताला लागेल. एवढं पिकलं तर अबू मिशाल मळा कशाला मोडेल?

बारा मार्चला दक्षिणेकडून गरम वारा सुटला. सकाळी नऊ वाजता विळ्याचं पातं हाताला चटके देऊ लागलं. पहिल्या दिवशी आकाश पिवळं होतं, दुसऱ्या दिवशी तांबूस, तिसऱ्या दिवशी दहा पावलांवरची खजुराची झाडं दिसेनात. नाकातून रक्त येऊन कादिरच्या मिशांवर वाळलं. ते ऊन मे महिन्याचं होतं आणि ते मार्चात आलं होतं. तिघांनी दिवसभर पंप चालवून सहा वाफे ओले ठेवले, पोती भिजवून बरसीमवर अंथरली, झाऊच्या फांद्या तोडून सावलीला रोवल्या. चौथ्या दिवशी वारा थांबला, पण ऊन थांबलं नाही.

कादिरनं पोती उचलून पाहिली. अळ्या पानांवर सुकून चिकटल्या होत्या, मिऱ्यासारख्या. लाल किडे कुठंच नव्हते. तो वाफ्यामागून वाफा रांगत गेला. खूप वेळानं झाऊच्या एका खोडाच्या फटीत त्याला सात-आठ किडे सापडले, पाय आखडून, एकमेकांना चिकटून बसलेले. त्यानं एकाला बोटानं हलवलं. किडा जिवंत होता, पण पाय काढेना.

त्यानं कुमारला फोन केला.

"सो गए होंगे," कुमार म्हणाला. "बाकी उड़ गए. गर्मी लगी तो उनको लगा सीज़न खतम."

"अभी मार्च है, भाई."

"आपके कैलेंडर में है."

"और माहू?"

"वो छोटा पीलावाला तो गर्मी में और चलेगा. अब मैं क्या बोलूँ."

मावा चाललाच. ज्या वाफ्यांत नवी पालवी होती तिथं सगळ्यात आधी, कारण तिथंच कोवळं होतं. महिनाअखेरीला कापणी झाली तेव्हा अर्ध्या मळ्यावर काळ्या काड्या उभ्या होत्या. कादिरनं त्याही कापल्या. विळा रुतायचा नाही, घासायचा. प्रत्येक मुठीला काळी पूड उडायची, ती थुंकीत उतरायची. त्या पेंढ्यांना म्हातारीच्या शेळ्यांनीसुद्धा तोंड लावलं नाही.

अबू मिशाल शुक्रवारी आला. त्यानं वाफ्यात पाऊल टाकलं नाही. घराच्या ओट्यावर आईशेजारी बसून तो खजूर खात होता. कादिर पायरीखाली उभा राहिला. नूरुन्निसा दारात, हातात कहव्याची किटली.

"मी भावाशी बोललो," अबू मिशाल म्हणाला. "रविवारी तबूकची गाडी आहे."

कादिरनं चार दिवस मनात जुळवलेलं बोलायला सुरुवात केली. अरबी तोकडं पडलं तिथं हातांनी सांगितलं. चूक जमिनीची नाही, माझी आहे. मी आग लावली. झाडाखालचे चांगले किडे मी जाळले. ते असते तर हे झालं नसतं. पुढच्या वर्षी मी जाळणार नाही. पाचोळ्याला कुणाला हात लावू देणार नाही. एक वर्ष द्या. आमच्या कोकणातल्या माणसाला स्वतःच्या कामाचा जिवापलीकडं अभिमान असतो, आणि तो कादिरनं कफिलाच्या पायरीवर काढून ठेवला. त्याला वाटत होतं, दोष आपल्या डोक्यावर घेतला की जमीन निर्दोष सुटेल, आणि जमीन सुटली की आपली खोलीही सुटेल.

अबू मिशालनं सगळं शांतपणे ऐकलं. त्यानं आईकडं पाहिलं. म्हातारीनं मान हलवली, म्हणजे द्यावं एखादं वर्ष, असंच तिच्या मनात असावं. अबू मिशालनं खजुराची बी ताटलीत टाकली.

"तू दरवर्षी जाळायचास?"

"दरवर्षी."

"आणि दरवर्षी काही होत नव्हतं."

"नाही. थंडी वेळेवर पडायची. किडे आधीच उठायचे."

"मग मला सांग. तू जाळलं नाहीस, समजा. पुढच्या वर्षी थंडी वेळेवर पडेल? आणि हा वारा, हा मेमध्ये येईल?"

त्या मुलखात या प्रश्नाला एकच उत्तर असतं, आणि ते लहान मूलही देतं. इन्शाअल्ला म्हटलं की पुढचं देवावर. त्यावरून कुणी कुणाला खोटारडा म्हणत नाही. अबू मिशालला तेवढंच ऐकायचं होतं, कदाचित. म्हातारी तर ते ऐकायला पुढं वाकलेलीच होती.

कादिरनं तोंड उघडलं. त्याच्या डोळ्यांपुढं फटीत पाय आखडून बसलेले ते सात-आठ किडे आले. सगळं आयुष्य तो ऋतूच्या भरवशावर बोलत आला होता, आणि आज पहिल्यांदाच तो भरवसा जिभेवर येईना.

"माफी मालूम," तो म्हणाला. म्हणजे, माहीत नाही.

 अबू मिशालनं मान डोलावली, पाणी प्यायला आणि उठून गाडीकडं गेला. म्हातारीनं तोंड फिरवलं.

खोलीत परतल्यावर नूरुन्निसानं दोरीवरचे कपडे काढले आणि खाटेवर दोन ढीग करायला घेतले. त्याचे एका बाजूला, तिचे एका बाजूला.  मग हातातल्या लुंगीची घडी करता करता म्हणाली, "इन्शाअल्ला म्हणायला तुमचा काय जात व्हता?"

"खोटा पडला आसता."

"पडला आसता तर पुडच्या वर्सी पडला आसता," ती म्हणाली. "येक वर्स तरी मिळाला आसता मना."

कादिर खाटेच्या कडेवर बसला.  तिनं लुंगी त्याच्या ढिगावर ठेवली आणि चुलीकडं वळली. तवा हातात घेऊन तिनं तो राखेनं घासला, धुतला, पुसला. रियाधच्या बंगल्यात मोठं स्वयंपाकघर होतं. तबूकच्या कॅम्पात मेस होती.

"ह्यो गुणाजीला देऊ काय?" तिनं विचारलं.

"दे," कादिर म्हणाला.

ती तवा घेऊन बाहेर गेली. गुणाजी पंपाचा पट्टा उतरवून ठेवत होता. त्यानं दोन्ही हात पँटला पुसले आणि तवा घेतला.